विश्लेषण : वाढवण बंदरामुळे पालघरचे 'शेंझेन' होईल का? चीनच्या आर्थिक सुधारणांतून वसई-विरारने नेमके काय शिकावे?

डहाणूजवळच्या वाढवण बंदराचे काम पुढे सरकत आहे. त्यामुळे वसईपासून डहाणूपर्यंतच्या पट्ट्यात 'चौथी मुंबई' उभी राहणार, अशी चर्चा सुरू आहे. अशा चर्चेत चीनच्या शेंझेन शहराचे उदाहरण हमखास दिले जाते. चाळीस वर्षांत मासेमारी आणि भातशेतीच्या भागातून जागतिक उद्योगनगरी कशी उभी राहिली, हे सांगितले जाते. पण चीनचा आर्थिक कित्ता भारताने आणि महाराष्ट्राने याआधीही एकदा गिरवून पाहिला आहे. तो अनुभव काय सांगतो? आणि विकसनशील देशांना चीनच्या सुधारणांतून खरोखर घेण्यासारखे काय आहे?

आताच हा प्रश्न का?

केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ जून २०२४ रोजी वाढवण बंदराला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते भूमिपूजन झाले. प्रकल्पाचा अंदाजित खर्च सुमारे ७६ हजार २०० कोटी रुपये आहे. जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा त्यात ७४ टक्के आणि महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६ टक्के वाटा आहे. समुद्रात सुमारे १,४४८ हेक्टर भराव टाकून नऊ कंटेनर टर्मिनल उभारण्याचे नियोजन आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनची विरार आणि बोईसर ही स्थानके, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग, मालवाहतुकीसाठीची स्वतंत्र रेल्वे मार्गिका हे सारे याच पट्ट्यातून जाते.

या पट्ट्याचे दक्षिण टोक म्हणजे वसई-विरार. २०११च्या जनगणनेनुसार महापालिका क्षेत्राची लोकसंख्या १२ लाख २२ हजार होती. त्यानंतर ती किती वाढली, हे सकाळी विरार लोकलमध्ये चढणाऱ्या कुणालाही सांगावे लागत नाही. बंदर डहाणूला झाले, तरी त्याच्या गोदामांचा, कारखान्यांचा आणि कामगारांच्या घरांचा भार वसई-विरारवर येणार, हे उघड आहे.

शेंझेनमध्ये नेमके काय घडले?

हाँगकाँगला लागून असलेला हा भाग १९७०च्या दशकात गरीब होता. पलीकडे मजुरी अनेक पटींनी जास्त असल्यामुळे इथली माणसे जीव धोक्यात घालून हाँगकाँगला पळून जात. १९७८च्या अखेरीस डेंग शियाओपिंग यांच्या नेतृत्वाखाली चीनने आर्थिक धोरण बदलले. १९७९मध्ये शेकोऊ येथे जेमतेम दोन चौरस किलोमीटर जागेवर एक औद्योगिक क्षेत्र सुरू झाले. ऑगस्ट १९८०मध्ये शेंझेनला विशेष आर्थिक क्षेत्राचा दर्जा मिळाला. त्याच सुमारास झुहाई, शांतोऊ आणि शियामेन ही आणखी तीन क्षेत्रे ठरली. हा प्रयोग चालतो असे दिसल्यावर १९८४मध्ये किनाऱ्यावरची १४ शहरे खुली करण्यात आली.

शेंझेनचे सुरुवातीचे विशेष क्षेत्र सुमारे ३२७ चौरस किलोमीटरचे होते. सिडकोकडे नियोजनासाठी सोपवलेला वसई-विरार उपप्रदेश सुमारे ३८० चौरस किलोमीटरचा होता. म्हणजे आकारात दोन्ही भाग साधारण सारखेच. सुधारणा सुरू झाल्या तेव्हा शेंझेनची लोकसंख्या तीन लाखांच्या आसपास होती. चीनच्या २०२०च्या जनगणनेत ती १ कोटी ७५ लाखांवर गेली.

शेंझेनची ओळख ठरलेली नावेही लहान सुरुवातीतूनच आली. हुआवे ही कंपनी १९८७मध्ये अवघ्या २१ हजार युआन भांडवलावर सुरू झाली. तैवानच्या फॉक्सकॉनने १९८८मध्ये इथे पहिला कारखाना काढला. हुआचियांगबेई या बाजारपेठेत इलेक्ट्रॉनिक सुटे भाग एका गल्लीत मिळू लागले, तसे आजूबाजूला शेकडो छोटे उत्पादक उभे राहिले.

सुधारणांची सुरुवात शेंझेनपासून झाली का?

नाही. शेंझेन हा चीनच्या सुधारणांचा सर्वात झगमगीत भाग आहे, पहिला नव्हे. पहिले पाऊल शेतात पडले. सामूहिक शेती मोडून जमीन कसण्याचा हक्क कुटुंबांना देण्यात आला. ठरलेला वाटा सरकारला दिल्यावर उरलेले धान्य शेतकरी स्वतः विकू शकत होता. परिणामी १९७८मध्ये सुमारे ३० कोटी टन असलेले धान्योत्पादन १९८४मध्ये ४० कोटी टनांवर गेले.

शेतकऱ्याच्या हातात पैसा आला, रिकामे हात मोकळे झाले आणि त्यातून दुसरे पाऊल पडले. गाव आणि तालुका पातळीवरचे छोटे उद्योग सुरू झाले. सायकलीचे भाग, बटणे, कापड, विटा, प्लास्टिकच्या वस्तू अशी त्यांची उत्पादने होती. या उद्योगांतील रोजगार १९७८मध्ये २ कोटी ८० लाख होता, तो १९९६पर्यंत साडेतेरा कोटींवर गेला. या कारखान्यांचे उत्पन्न स्थानिक प्रशासनाच्या तिजोरीत येत असे. त्यामुळे रस्ता, वीज आणि पाणी वेळेत देण्यात त्या प्रशासनाचाच फायदा होता.

निर्यात क्षेत्रे, परदेशी गुंतवणूक, मोठी बंदरे हे तिसरे पाऊल. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार चार दशकांत सुमारे ८० कोटी चिनी लोक अतिगरिबीतून बाहेर आले. त्याचा पाया पहिल्या दोन पावलांनी घातला होता. व्हिएतनामनेही १९८६मध्ये 'दोई मोई' सुधारणा सुरू करताना शेतीकडे आधी लक्ष दिले. तांदूळ आयात करणारा हा देश १९८९मध्ये निर्यातदार झाला. मोबाइल फोनचे कारखाने तिथे बऱ्याच नंतर आले.

भारताने चीनकडून काय घेतले?

गंमत अशी, की ही कल्पना भारताला नवी नव्हती. आशियातील पहिले निर्यात प्रक्रिया क्षेत्र भारतानेच १९६५मध्ये कांडला येथे सुरू केले. १९७३मध्ये अंधेरीला सीप्झ आले, म्हणजे शेंझेनच्या सात वर्षे आधी. वसई-विरारमधून रोज सकाळी अंधेरीला उतरून सीप्झच्या फाटकातून आत जाणाऱ्या कामगारांची एक पिढी निवृत्तही झाली. पण सीप्झ मोठ्या शहरातले एक छोटे बेट राहिले. त्याच्या फाटकाबाहेरची करपद्धती, परवाने, वीज आणि जमिनीचे नियम तसेच राहिले.

तत्कालीन केंद्रीय वाणिज्यमंत्री मुरासोली मारन चीनमधील क्षेत्रे पाहून आले आणि त्यांनी २०००मध्ये विशेष आर्थिक क्षेत्राचे, म्हणजे 'सेझ'चे धोरण जाहीर केले. २००५मध्ये संसदेने सेझ कायदा केला आणि फेब्रुवारी २००६मध्ये तो अमलात आला. करसवलती मोठ्या होत्या. देशभरातून प्रस्तावांचा पाऊस पडला. त्यात महाराष्ट्र आघाडीवर होता.

रायगडमध्ये काय झाले?

या धोरणाची सर्वात मोठी कसोटी वसईपासून फार दूर नसलेल्या रायगड जिल्ह्यात लागली. पेण, उरण आणि पनवेल तालुक्यांतील ४५ गावांच्या जमिनीवर खासगी क्षेत्रातला 'महामुंबई सेझ' प्रस्तावित होता. सरकार भूसंपादन कायद्याच्या आधारे जमीन घेऊन कंपनीला देणार होते. पेण तालुक्यातील २२ गावे हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रात येत होती. भाताचे दुबार पीक मिळण्याची आशा दिसत असताना जमीन का सोडायची, असा शेतकऱ्यांचा सवाल होता. प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारखे नेते या लढ्यात उतरले. अखेर २१ सप्टेंबर २००८ रोजी या गावांत सरकारनेच जनमत कौल घेतला. सेझसाठी शेतकऱ्यांना मतदानाने विचारले जाण्याचा तो देशातला अपूर्व प्रसंग होता. पुढे भूसंपादनाची मुदत संपली आणि प्रकल्प बारगळला.

देशभराचे चित्रही फार वेगळे नव्हते. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक (कॅग) यांच्या २०१४च्या अहवालानुसार, सेझसाठी अधिसूचित झालेल्या ४५ हजार ६३५ हेक्टरपैकी प्रत्यक्षात २८ हजार ४८८ हेक्टरवरच काम सुरू झाले होते. म्हणजे सुमारे ३८ टक्के जमीन पडून होती. त्याआधीच २०११च्या अर्थसंकल्पात सेझवर किमान पर्यायी कर लागू झाला आणि सवलतींवर उभे राहिलेले आकर्षण ओसरले.

नक्कल नेमकी कुठे चुकली?

पहिली चूक क्रमाची. चीनने शेती, मग गावउद्योग आणि मग निर्यात क्षेत्र असा प्रवास केला. आपण शेवटच्या पावलापासून सुरुवात केली. शेतकऱ्याच्या हातात पैसा येण्याआधी त्याच्या हातची जमीन मागितली गेली.

दुसरी चूक प्रयोगाच्या पद्धतीची. नदी ओलांडताना पायाखालचा दगड चाचपून पुढचे पाऊल टाकावे, असे चिनी सुधारणांचे वर्णन केले जाते. आधी दोन चौरस किलोमीटर, मग चार शहरे, मग चौदा. चुकले तर नुकसान मर्यादित आणि जमले तर तीच पद्धत दुसरीकडे. आपल्याकडे शेकडो प्रस्तावांना थोड्या काळात मंजुरी मिळाली. एका क्षेत्रातून काय शिकलो, हे पाहायला कुणी थांबले नाही.

तिसरी चूक सवलतीलाच सुधारणा समजण्याची. शेंझेनचे महत्त्व करमाफीत नव्हते. जमीन, मजुरी, परवाने यांचे नवे नियम तिथे आधी करून पाहिले जात आणि मग देशभर नेले जात. १ डिसेंबर १९८७ रोजी शेंझेनमध्ये सरकारी जमिनीच्या वापरहक्काचा जाहीर लिलाव झाला आणि पुढच्याच वर्षी चीनने त्यासाठी राज्यघटना बदलली. आपल्या सेझमध्ये मात्र कुंपणाच्या आत वेगळे नियम होते आणि बाहेरचा लघुउद्योजक जिथल्या तिथे होता.

वसई-विरारकडे 'गावउद्योग' आहेत का?

आहेत, आणि तेही सरकारने न आखता उभे राहिलेले. पालघर जिल्ह्यात एमआयडीसीची मोठी वसाहत तारापूर-बोईसरला आहे. वसईत मात्र वालीव, सातिवली, गोखिवरे, नवघर, कामण या भागांत प्रामुख्याने खासगी आणि सहकारी औद्योगिक वसाहती वाढल्या. मुंबईत जागा परवडेना तेव्हा अनेक छोटे कारखानदार यंत्रे उचलून इकडे आले. प्लास्टिक मोल्डिंग, इंजिनीअरिंगचे सुटे भाग, पॅकेजिंग, इमिटेशन दागिने, बॅगा असे कितीतरी उद्योग इथल्या गाळ्यांत चालतात. एका गाळ्यात साचा बनतो, शेजारच्या गाळ्यात त्यातून माल निघतो आणि तिसऱ्यात त्याचे पॅकिंग होते. शेंझेनच्या सुरुवातीच्या काळाशी तुलना करायची, तर ती या गाळ्यांशी करायला हवी.

स्थानिक भांडवलाची परंपराही इथे जुनी आहे. बॅसिन कॅथलिक सहकारी बँक १९१८पासून वसईत काम करते. केळी, फुले, भाजीपाला मुंबईला पोहोचवणारा शेतकरी आणि मासळी विकणारी कोळीण हे बाजाराशी पिढ्यान्‌पिढ्या जोडलेले आहेत. म्हणजे चीनला जे नव्याने उभारावे लागले, त्यातले बरेच काही वसईत आधीपासून आहे.

कमी आहे ते गाळ्याच्या उंबरठ्याबाहेर. पावसाळ्यात पाण्याखाली जाणारे अंतर्गत रस्ते, खंडित होणारी वीज, टँकरचे पाणी, सांडपाण्याची आणि आगीपासून बचावाची अपुरी व्यवस्था. मालाची प्रत तपासायला जवळ प्रयोगशाळा नाही, तर निर्यातीची मागणी आली तरी छोटा कारखानदार ती घेऊ शकत नाही. तो मोठ्या कंपनीचा चौथ्या पातळीवरचा पुरवठादार राहतो आणि गाळा वाढत नाही.

कामगार राहणार कुठे?

इथे शेंझेन आणि नालासोपारा एकमेकांच्या सर्वात जवळ येतात. शेंझेनमध्ये शेती गेली, तरी मूळ गावकऱ्यांनी राहत्या जागेवर पाच-सहा मजली इमारती बांधल्या आणि खोल्या कामगारांना भाड्याने दिल्या. दोन इमारतींत इतके कमी अंतर, की खिडकीतून शेजाऱ्याशी हस्तांदोलन करता यावे. यांतील बरीच बांधकामे नियमबाह्य होती. तरीही त्या स्वस्त खोल्या नसत्या, तर कारखाने चालले नसते. शहर प्रशासनाने या 'शहरातल्या गावांना' बराच काळ चालू दिले, हळूहळू पाणी-वीज दिली. नंतर जमिनीचे भाव चढल्यावर काही वस्त्यांचा पुनर्विकास झाला. त्यात मूळ मालकांना मोबदला मिळाला आणि भाडेकरू कामगार बाहेर फेकले गेले.

वसई-विरारमध्ये स्वस्त घराची गरज अशीच भागवली गेली, पण सुरक्षिततेच्या किमतीवर. नालासोपारा पूर्वेतील अग्रवाल नगरी भागात सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव जागेवर ४१ अनधिकृत इमारती उभ्या राहिल्या. न्यायालयाच्या आदेशानंतर २०२४च्या अखेरीस आणि २०२५च्या सुरुवातीला त्या पाडण्यात आल्या. सुमारे अडीच हजार कुटुंबे बेघर झाली. बांधणारे पैसे घेऊन निघून गेले, कर्जाचे हप्ते राहणाऱ्यांच्या नावावर राहिले. ऑगस्ट २०२५मध्ये विरार पूर्वेला रमाबाई अपार्टमेंट ही इमारत कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. पोटासाठी आलेला माणूस अधिकृत घर घेऊ शकत नाही, तोवर अनधिकृत घराला गिऱ्हाईक मिळतच राहणार. बंदरामुळे येणारे हजारो कामगार कुठे राहतील, याचे उत्तर आधी तयार नसेल, तर ते उत्तर भूमाफिया देतील.

निर्णय कुणाच्या हातात?

चीन हा एकपक्षीय देश असला, तरी खर्चाच्या बाबतीत तो अत्यंत विकेंद्रित आहे. तिथे एकूण सरकारी खर्चापैकी सुमारे ८५ टक्के खर्च प्रांत, शहर आणि जिल्हा पातळीवर होतो. भारतात सर्व महापालिका-नगरपालिकांचा मिळून कारभार देशाच्या सकल उत्पन्नाच्या एक टक्क्याच्या आसपास अडकून आहे, असे रिझर्व्ह बँकेच्या २०२२च्या अहवालाने दाखवले. १९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीने शहरांना अधिकार देण्याचे ठरवले, पण पैसा आणि माणसे राज्याकडेच राहिली. स्थानिक संस्था कर गेला, जीएसटी आला आणि महापालिका भरपाईच्या रकमेवर विसंबू लागल्या. आता वालीवमध्ये एखादा कारखाना वाढला, तर महापालिकेच्या तिजोरीत त्याचे प्रतिबिंब मालमत्ता करापलीकडे फारसे पडत नाही.

वसई-विरार महापालिका ३ जुलै २००९ रोजी चार नगर परिषदा आणि ५३ ग्रामपंचायती एकत्र करून स्थापन झाली. महापालिकेत जाण्यास अनेक गावांनी विरोध केला आणि २९ गावांचा वाद वर्षानुवर्षे चालला. जून २०२०मध्ये लोकनियुक्त सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकांकडे होता. शहराचा भूगोल बदलणारे निर्णय होत असताना प्रश्न विचारायला नगरसेवकच नव्हते. आर्थिक सुधारणेच्या चर्चेत हा मुद्दा सहसा येत नाही. चीनचा अनुभव मात्र याच मुद्द्याकडे बोट दाखवतो.

चीनकडून काय घेऊ नये?

चीनने मोजलेली किंमत मोठी आहे. 'हुकोऊ' या नोंदणी पद्धतीमुळे गावाकडून आलेल्या कामगाराला शहरात काम मिळाले, पण त्याच्या मुलांना शाळा आणि कुटुंबाला आरोग्यसेवा सहज मिळाली नाही. नोव्हेंबर १९९३मध्ये शेंझेनमधील एका खेळण्यांच्या कारखान्याला आग लागून ८० हून अधिक कामगार मृत्युमुखी पडले. त्यात बहुतांश तरुण मुली होत्या. खिडक्यांना गज होते, दारे बंद होती. नद्या आणि हवा प्रदूषित झाली, जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांचा आवाज दाबला गेला.

इथे लोकांना आवाज आहे आणि तो ऐकला गेल्याचा इतिहासही आहे. १९८०-९०च्या दशकांत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालील 'हरित वसई'च्या चळवळीने पाणी आणि हिरवा पट्टा वाचवण्यासाठी लढा दिला. डहाणू तालुका १९९१मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित झाला. वाढवण बंदराचा आधीचा प्रस्ताव डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने १९९८मध्ये फेटाळला. त्याच प्राधिकरणाने जुलै २०२३मध्ये नव्या प्रस्तावाला अटींसह परवानगी दिली. वाढवण बंदर विरोधी संघर्ष समिती आणि मच्छीमारांचा विरोध मात्र कायम आहे. भरावामुळे मासेमारीचे क्षेत्र गेले, तर नुकसानभरपाई एकदाच मिळेल. समुद्र पिढ्यान्‌पिढ्या देत आला होता, हा त्यांचा युक्तिवाद आहे. जिल्ह्याच्या मोठ्या भागात पेसा कायदा लागू असल्याने ग्रामसभांचे म्हणणे ही केवळ औपचारिकता नाही.

मग घ्यावे काय?

शेंझेनच्या उंच इमारतींपेक्षा तिथल्या पद्धतीकडे पाहिले, तर पालघरसाठी चार गोष्टी हाती लागतात. एक, बंदराच्या नावाने हजारो हेक्टर जमीन एकदम ताब्यात घेण्याऐवजी छोट्या क्षेत्रात सुरुवात करावी आणि निकाल पाहून पुढे जावे. दोन, नव्या मोठ्या उद्योगांना सवलती देण्याआधी वालीव-सातिवलीच्या गाळ्यांना अखंड वीज, चांगले रस्ते, सांडपाणी प्रकल्प, अग्निसुरक्षा आणि चाचणी प्रयोगशाळा द्यावी. तीन, कामगारांसाठी भाड्याच्या अधिकृत घरांची जागा कारखान्यांच्या जागेबरोबरच विकास आराखड्यात आखावी. चार, बंदरातून आणि उद्योगातून येणाऱ्या महसुलाचा ठरलेला हिस्सा स्थानिक संस्थेला आणि बाधित ग्रामपंचायतींना मिळावा, म्हणजे त्यांनाही विकासात रस राहील.

यातली एकही गोष्ट फक्त चीनमध्येच शक्य होती असे नाही. खुद्द चीनही दुसऱ्यांकडूनच शिकला. आयर्लंडमधील शॅनन येथे १९५९मध्ये सुरू झालेल्या मुक्त क्षेत्रापासून ते सिंगापूरपर्यंत अनेक ठिकाणचे अनुभव चिनी अधिकाऱ्यांनी अभ्यासले आणि आपल्या गावांना मानवेल तेवढेच घेतले. रायगडच्या २२ गावांनी २००८मध्ये जो प्रश्न विचारला होता, तोच आज वाढवणचा मच्छीमार आणि वालीवचा गाळेधारक विचारतो आहे : या विकासात आमचा वाटा कोणता? बंदराचा पहिला धक्का बांधून होण्याआधी त्याचे उत्तर कागदावर यायला हवे.